अधांतरी फळी

भिंतीतून अलगद पुढे आलेली, खालून कसलाही टेकू नसलेली सागवानी फळी घराला शोभा देते. खरेदीच्या वेळी व्यापारी कुटुंबातील पारखी नजर लाकडाचे रेषे, गाठी, पॉलिश सारे न्याहाळते. मात्र भार पेलतात ते फळीच्या पोटात दडलेले पोलादी गज आणि त्यांना धरून ठेवणारी वीट. तिकडे क्वचितच कोणी पाहतो.

प्लॅस्टर हे भिंतीचे केवळ वस्त्र. छिद्र ते ओलांडून अखंड विटेत खोलवर जावयास हवे. दोन विटांमधील सांधा टाळलेला बरा. आतील भुकटी ब्रशने झाडून, फुंकून काढल्याखेरीज गज पक्का करणारा रासायनिक मसाला विटेला नीट धरत नाही.

अशीच एक फळी नातवाच्या अभ्यासाच्या टेबलावर बसवली जात असताना घरातील आजोबांनी मिस्त्रींना एकच प्रश्न केला : "भिंत किती इंची?" उत्तर आले : साडेचार. तेव्हा बारा इंच रुंदीचा बेत आठ इंचांवर आला आणि जाडजूड कोश खालच्या कपाटात गेले. प्रश्न रास्त होता. भिंतीपासून चार इंचांवरील ओझे आठ इंचांवर सरकवले, की भिंतीतील गजावरची ओढ दुप्पट होते.

पेढीची पत दर्शनी पाटीवरून ठरत नाही, हे ज्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांनी फळीचीही पारख भिंतीच्या आतून करावी. तिच्याखाली मूल बसणार असते.