मिरची, घरची

मावशीने केलेल्या मसाल्याची शेवटची बाटली फेब्रुवारीत संपली. बियरची गडद तपकिरी बाटली, बूच घट्ट, वर कापड बांधलेलं. तळाशी बसलेला मसाला भाचीने विणायच्या सुईने खरवडून काढला आणि मुंबईतल्या मनोरी गावच्या त्या जुन्या घरात असा वास सुटला, की शेजघरातला नवरा उठून बाहेर आला. मावशी गेल्याला वर्ष उलटून गेलं होतं. यंदाचा मसाला आता आपल्यालाच करायचा, म्हणून तिने मावशीची वही उघडली. धणे, हळकुंडं, तीळ, खसखस, मोहरी, नागकेशर, दगडफूल, मायपत्री, तिरफळ, भाजून घ्यायचे गहू आणि हरभरे. मिरच्यांमध्ये काश्मिरी, रेशमपट्टी, आणि त्याखाली एकच शब्द: घरची.

काश्मिरी मालाडच्या बाजारात मिळते. रेशमपट्टीही मिळते. घरची कुठून आणायची?

इथल्या ख्रिस्ती ईस्ट इंडियन घरांत या बाटली मसाल्याची कृती दागिन्यासारखी सांभाळतात. सून घरात मुरल्याशिवाय तिला प्रमाण सांगत नाहीत, शेजारणीला तर कधीच नाही. एवढ्या जपणुकीतून कृती टिकली, पण तिच्यात लागणारी मिरची गेली. परसातली चार-सहा झाडं कुणीतरी एका वर्षी लावली नाहीत, पुढच्या वर्षी बाजारातून पाकीट आणलं, आणि वाण संपला. पाकिटातलं संकरित बी पहिल्या वर्षी भरभरून देतं. त्याचंच बी धरून पुन्हा पेरलं, तर प्रत्येक झाड वेगळं निघतं, एक आखूड, एक लांब, एक नुसतंच पानांचं. त्या पाकिटांवर तिचा राग आहे आणि तो कमी व्हावा असं तिला वाटतही नाही. दरवर्षी बी विकत घ्यायला लावणाऱ्या गोष्टीने तिच्या आजीचं एक काम कायमचं काढून घेतलं.

ते काम तिला स्पष्ट आठवतं. ओट्यावर सूप, सुपात लालभडक वाळलेल्या मिरच्या. आजी एकेक मिरची कानाशी हलवून पाहायची. खुळखुळली की बाजूला. त्यातल्या सरळ, भरलेल्या मिरच्या फोडून बी काढायचं, चुलीतल्या राखेत घोळवायचं, फडक्यात बांधून आढ्याला टांगायचं. सहा-सात वर्षांच्या नातीला मदत करायची हौस. आजी आधी तिच्या हाताला खोबरेल चोळायची आणि बजावायची, ‘‘बाय गो, डोल्यांना हात लावू नको.’’ ती लावायचीच.

खोबरेलाचं शास्त्र तिला पुष्कळ उशिरा कळलं. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. आणि तिखटपणा बियांत नसतोच. ज्या पांढऱ्या गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात, त्यात तो तयार होतो. बियांना लागतो तो शेजाराने.

बी अखेर मिळालं ते दुसऱ्या पाखाडीतल्या एका म्हातारीकडे. तिच्या परसात मिरचीची तीन झुडपं होती, बोटाएवढी, टोकाशी किंचित वाकडी फळं. ‘‘तुझ्या आजीनंच दिलेली,’’ म्हातारी म्हणाली. असेलही. मिरचीचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं, पण मधमाश्या शेजारच्या झाडाचा परागही आणून टाकतात. इतक्या वर्षांत किती कुंपणांपलीकडचा पराग त्यात आला असेल, कुणी सांगावं? तिने त्या झुडपांच्या वाळक्या मिरच्या पदरात बांधून आणल्या.

पेरणी स्वयंपाकघरात, पश्चिमेच्या खिडकीत. बाहेर मुंग्या बी पळवतात, आणि समुद्राचा खारा वारा कोवळ्या पानाला सोसत नाही. दह्याच्या रिकाम्या डब्यांना तळाशी भोकं, आत कोकोपीट आणि चाळलेलं शेणखत. बी रात्रभर कोमट पाण्यात, मग अर्धा सेंटिमीटर खोल. मिरचीच्या बियाला उगवायला 25 ते 30 अंश ऊब लागते. मार्चमध्ये मनोरीच्या घरात ती आयती असते. टोरांटोला राहणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीला मात्र हीच ऊब विजेच्या गादीतून द्यावी लागते. तिकडे बाहेर बर्फ, आत खिडकीत दिव्याखाली ट्रे, आणि रोपं बाहेर लावायची ती मे महिन्यात दव गोठायचं थांबल्यावर. ‘‘अगं, तुझी उगवली का?’’ या एका प्रश्नावर दोघी बहिणी हल्ली तासभर बोलतात. आधी वर्षानुवर्षं त्यांचं बोलणं आजारपणांपलीकडे जात नव्हतं.

आठवड्यानंतर मातीतून पांढरट आकडा वर आला. काही रोपांच्या पानांच्या टोकाला बियाचं टरफल अडकून राहिलेलं, पानं उघडेनात. तिने काडीने पाण्याचा थेंब ठेवला, टरफल मऊ होऊ दिलं, मग नखाने अलगद सोडवलं. या कामात घाई केली की दलंच तुटतात. दोन रोपं मानेशी बारीक होऊन आडवी पडली. तो बुरशीचा रोग, माती सतत ओली राहिली की येतो. तेव्हापासून डबे पाण्याच्या ताटलीत टेकवून खालूनच पाणी. तेही नळाचं, कारण वैशाखात इथल्या विहिरी मचूळ होतात आणि मिरचीला खारेपणा मानवत नाही. गंमत अशी, की रोज 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रातून काढायचा प्रकल्प महापालिकेने योजला आहे, तो याच मनोरीत.

मिरचीच्या गोष्टीत इथे पोर्तुगीज मध्ये येतात, त्यांना टाळता येत नाही. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आजूबाजूचा मुलूख त्यांना दिला. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या दोनशे वर्षांत इथली बरीच गावं ख्रिस्ती झाली. मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आली असं मानतात. तिचं मूळ गाव मेक्सिको. तिथे माणूस सहा हजार वर्षांहून अधिक काळ ती लावतो आहे. त्याआधी ती पाखरांनी पसरवली, कारण पाखरांना तिखट लागत नाही. 2001 साली ट्यूक्सबरी आणि नाभन या दोन संशोधकांनी ॲरिझोनातल्या रानमिरचीवर हे दाखवलं: उंदीर-घुशींच्या पोटात बी मरतं, पाखराच्या पोटातून गेलेलं उगवतं. म्हातारीच्या झुडपावर बुलबुल बसले तर ती हाकलत नाही. आजीही हाकलत नसे.

रोपांना चार पानं फुटली आणि तिच्या मनात वेगळंच काही येऊ लागलं. मसाला कुटायला उन्हाळ्यात बाया यायच्या, वसईच्या पलीकडून, आपापली मुसळं घेऊन. अंगणात उखळाभोवती उभ्या राहायच्या, एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली, दिवसभर. त्यांच्या केसांवर, पापण्यांवर लाल धूळ बसायची. संध्याकाळी मजुरीबरोबर आजी प्रत्येकीच्या पदरात बियांची पुडी बांधायची. मुसळं थांबली, गिरणी आली, बाया यायच्या बंद झाल्या. मनोरीतल्या मोबाई भवनात ईस्ट इंडियनांच्या घरगुती वापराच्या जुन्या वस्तू मांडल्या आहेत. त्या पाहताना तिला मुसळांपेक्षा ते हात आठवतात. मावशीच्या वहीत मजुरीचा हिशेब आहे, अगदी चहा-पावाचासुद्धा. नावं नाहीत.

आजीच्या मिरचीचा खरा वाण कुठे असलाच, तर तो त्यांच्यापैकी कुणाच्या तरी दारात असण्याची शक्यता अधिक, असं तिला आता वाटतं. ज्यांना विकत घ्यायला पैसे नव्हते, त्यांनी बी धरलं असणार. जून लागायच्या आत ती वसईच्या बाजारात जाणार आहे, वाळकी मिरची विकणाऱ्या वयस्क बायांकडे. सोबत म्हातारीकडची एक मिरची दाखवायला, आणि विचारायला एवढंच, की तुमची आई कधी मनोरीला मसाला कुटायला यायची का, आणि तिचं नाव काय होतं.