तुझ्या जन्मदाखल्यावरचं ससून

द्वारका, नाशिक

चि. सई,

फोनवर तू घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहितो. तुझ्या ओवीला शाळेत सिगफ्रीड ससूनच्या युद्धकविता आहेत आणि तुझ्या जन्मदाखल्यावर पुण्याचं ससून रुग्णालय. दोन्ही ससून एकाच घरातले का, असं तिनं विचारलं. तिला सांग, हो, एकाच घरातले. रुग्णालयाला ज्याचं नाव आहे तो डेव्हिड ससून त्या कवीचा पणजोबा.

तू त्याला ‘ब्रिटिश व्यापारी’ म्हणालीस. कागदोपत्री ते खरं आहे. 1853 साली त्यानं ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. पण माणूस मूळचा बगदादचा ज्यू. जन्म 1792चा. तिथल्या पाशाची खप्पामर्जी झाली तेव्हा जीव वाचवून तो इराणी आखातातल्या बुशेर बंदरात आला आणि 1832च्या सुमारास बायकामुलांसह मुंबईला. काळा घोड्याजवळच्या डेव्हिड ससून वाचनालयात त्याचा संगमरवरी पुतळा आहे. पागोटं, पायघोळ झगा, छातीवर रुळणारी दाढी. साहेबी कपड्याचा एक धागा त्याच्या अंगावर नाही. इंग्रजी तो शिकला नाही, सही हिब्रूत करायचा. राणीची प्रजा झाला तरी राहिला बगदादीच. (तो काळा घोडासुद्धा याच घराची देणगी. थोरला मुलगा अब्दुल्ला, म्हणजे पुढचा सर अल्बर्ट, यानं प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला होता, त्यावरून हे नाव. कुलाब्याचा ससून डॉकही त्याचाच, 1875चा.)

आता पैसा कुठून आला ते सांगतो. ते वगळून नुसतं दान सांगितलं तर ओवीला अर्धीच गोष्ट कळेल. कापड होतं, कापूस होता, पण खरी कमाई अफूची. माळव्यातल्या संस्थानांत पिकणारी अफू कंपनी सरकारचा कर भरून मुंबईला यायची आणि तिथून जहाजानं चीनला जायची. आपल्या द्वारका चौकातून जो मुंबई-आग्रा रस्ता जातो, तो त्याच माळव्यातून येतो. चीनच्या बादशहानं अफूवर बंदी घातली होती. ती मोडून काढायला इंग्रजांनी 1839 साली युद्ध पुकारलं. 1842 साली चीन हरला, हाँगकाँग गेलं, बंदरं उघडावी लागली. दोनच वर्षांनी डेव्हिडचा दुसरा मुलगा इलियास चीनला जाऊन बसला.

ससूनांची धंद्यातली हुशारी उचलीत होती. पीक हाती येण्याआधीच ते माळव्याच्या व्यापाऱ्यांना पैसे देऊन ठेवत. माल आधीच बांधलेला, त्यामुळे बाजारात आल्यावर दुसऱ्याच्या हाती काही लागायचं नाही. जार्डिन मॅथेसनसारखी दांडगी इंग्रजी कंपनी, पण 1870च्या सुमारास तिलाही अफूतून अंग काढून घ्यावं लागलं.

आणि ससूनांच्या त्याच पेढीच्या वहीत प्रत्येक व्यवहारामागे पाव टक्का धर्मादाय म्हणून बाजूला पडत असे. मुंबईत गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी सुधारगृह, तिथं त्यांना हातातली कला शिकवायची सोय. पुण्यात निराधार म्हाताऱ्यांसाठी पंगुगृह, जे आज आपण ‘निवारा’ म्हणून ओळखतो. भायखळ्याला आणि पुण्याला सिनेगॉग. आणि सर्वांत मोठं काम म्हणजे पुण्याचं रुग्णालय, कोणत्याही जातिधर्माच्या गरिबासाठी. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा डेव्हिडचा. ते उघडलं 1867 साली. तो त्याआधीच, 1864 साली, पुण्याच्या आपल्या बंगल्यात वारला होता.

ओवीला एक प्रसंग मात्र नक्की सांग. जानेवारी 1924. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते, अपेंडिक्सचं दुखणं विकोपाला गेलं, म्हणून त्यांना रातोरात ससूनमध्ये आणलं. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननं पोट उघडलं आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली. उरलेलं काम त्यांनी कंदिलाच्या उजेडात पुरं केलं. राजद्रोहाचा कैदी, सरकारी गोरा डॉक्टर आणि बगदादच्या ज्यूनं बांधून दिलेली इमारत!

तुझ्या जन्माची गोष्ट तुला ठाऊक आहेच, पण ओवीला नसेल. तुझ्या बाबांची नोकरी तेव्हा नवीन होती, खासगी दवाखाना झेपणारा नव्हता. बाळंतपणात ताईला फार रक्तस्राव झाला. निरोप आला तसा मी द्वारकेवर पुण्याची एसटी पकडली. मी पोचलो तेव्हा ताई जनरल वॉर्डात होती, हाताला रक्ताची बाटली लावलेली, आणि शेजारच्या खाटेवरची जुन्नरकडची एक बाई तुला मांडीवर घेऊन बसली होती. त्या वॉर्डात कुणाला पैशांअभावी परत पाठवलेलं मी पाहिलं नाही. म्हणून ससून हे नाव निघालं की माझ्या मनात आधी कृतज्ञता येते, हे लपवत नाही.

तरीही या दानानं अफूचा पैसा धुऊन निघाला, असं मी मानत नाही. कँटन-शांघायमध्ये ज्या घरातला कर्ता व्यसनापायी गेला, त्या घराला पुण्याच्या रुग्णालयाचा काय उपयोग? देणं एकाचं होतं, फेडलं दुसऱ्याला. नाव पुसून टाकावं असं मात्र मला वाटत नाही. नाव राहू द्यावं, पण नावाच्या दगडाखालीच हा पैसा कशातून आला तेही ठळक लिहावं, म्हणजे उपचाराला आलेल्या गरिबालाही ते वाचता येईल.

सिगफ्रीडबद्दल तू वेगळं विचारलं होतंस. त्याचे वडील आल्फ्रेड यांनी ज्यू नसलेल्या मुलीशी लग्न केलं म्हणून घराण्यानं त्यांना तोडलं, त्यामुळे तो या वैभवापासून लांबच वाढला. पहिल्या महायुद्धात त्याला शौर्यपदक मिळालं आणि 1917 साली त्यानंच हे युद्ध मुद्दाम लांबवलं जातंय असं जाहीर पत्र काढलं. ओवीला कविता आवडत असतील तर ते पत्रही वाचायला दे.

दिवाळीत याल तेव्हा पुण्याला जाऊ. कॅम्पातलं लाल देऊळ तिला दाखवायचं आहे. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं ते सिनेगॉग लांबून चर्चच वाटतं, आणि आवारात डेव्हिड ससूनची कबर आहे. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, तेव्हा तारखा लवकर कळव आणि तिघांच्या पासपोर्टची प्रत पाठवून ठेव. जन्मदाखल्याची नवीन प्रत मी तुझ्या चुलतभावाला पुण्याहून काढायला सांगितली आहे.

जावईबापूंना नमस्कार, ओवीला पापा.

तुझा
मामा