ज्याच्यावर अंगठी चालत नाही

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये टॉम बॉम्बाडिल येतो तेव्हा कथानक थबकतं. निळा कोट, पिवळे बूट, तोंडात अखंड गाणं. जुन्या जंगलातला विलो वृक्ष हॉबिटांना गिळायला निघालेला असतो. हा त्याला गाऊन दटावतो आणि झाड त्यांना सोडून देतं. पुढे ती सर्वनाशी अंगठी तो सहज बोटात घालतो आणि तरी दिसेनासा होत नाही. अंगठी वाहणाऱ्या हॉबिट फ्रोडोने ती घातली, तरी याला फ्रोडो दिसतोच. साऱ्या कादंबरीत असा दुसरा कुणी नाही. म्हणून वाचक त्याला वनदेव, निसर्गाचं मूर्त रूप, कधी तर थेट सृष्टिकर्ता ठरवून मोकळे होतात. मला तो देव वाटत नाही. निसर्गावर हक्क न सांगता त्याला ओळखणारं, त्यातच रमणारं मन असं असेल, एवढंच टॉल्किन दाखवतात, आणि तेच फार मोठं आहे.

पुरावा पुस्तकातच आहे. ही सगळी भूमी त्याचीच का, असं फ्रोडो विचारतो. बॉम्बाडिलची बायको गोल्डबेरी नाही म्हणते: ती मालकी म्हणजे ओझंच झालं असतं, इथलं प्रत्येक झाड, प्रत्येक गवत आपापलं आहे. १९५४ च्या एका पत्रात टॉल्किन यांनीही बॉम्बाडिलला वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांच्या बाजूला बसवलं, शेती आणि पशुपैदाशीच्या बाजूला नाही. अंगठी पकडते ती माणसाच्या हुकमत गाजवण्याच्या इच्छेला. ती इच्छाच नसेल तर अंगठीने धरायचं कुठे? तो अंगठीहून बलवान आहे असं यातून निघत नाही. विलोवर त्याची सत्ता चालते की, असं कुणी म्हणेल. पण त्या सत्तेचा वापर पाहा. तो झाड तोडत नाही, वाकवत नाही. माती खा, पाणी पी, झोप, म्हणजे झाडासारखं राहा, एवढंच सांगतो.

मराठी वाचकाला इथे कोकणातला राखणदार आठवणं स्वाभाविक आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. हद्द बॉम्बाडिललाही आहे, आणि तीही त्याने स्वतःच आखलेली. हाकेला तोही धावून येतो. मात्र राखणदाराशी गावाचं देणंघेणं असतं: गाऱ्हाणं, नवस, मान. बॉम्बाडिल काही मागत नाही. एका जुन्या थडग्यातलं धन बाहेर काढल्यावर तो ते ज्याला सापडेल त्याचं म्हणून गवतावर मोकळं मांडतो, आणि गोल्डबेरीसाठी एकच पिन उचलतो, तीही पूर्वी ती लेणाऱ्या स्त्रीची आठवण राहावी म्हणून. हा प्रसंग वाचूनही कुणाला तो वनसम्राट वाटत असेल तर नवल आहे.

तो टॉल्किन यांच्या मुलांच्या बाहुलीवरून सुचला, १९३४ साली एका कवितेत आला आणि तसाच कादंबरीत राहून गेला, हा आक्षेप मला हलका वाटतो. पीटर जॅक्सन यांनी २००१ च्या चित्रपटात त्याला वगळलं, हे खरं. पण टॉल्किन यांनी तो ठेवला, इतकंच नव्हे तर अंगठीचं काय करायचं हे ठरवणाऱ्या एल्रॉन्डच्या सभेत त्याचा विषयही काढला. जड आक्षेप तिथेच येतो. अंगठी त्याच्याकडे सोपवली तर तो ती विसरून जाईल, आणि सगळं पडलं तर शेवटी तोही पडेल. मग असल्या निर्लोभाचा उपयोग काय? टॉल्किन हे टाळत नाहीत. असं जगणं इतरांच्या लढाईवर तगून असतं, हे त्यांनी दुसऱ्या एका पत्रात मान्य केलं आहे.

लखनौच्या इंदिरा नगरजवळच्या कुकरैलच्या राखीव जंगलात हा पेच प्रत्यक्ष दिसतो. ते माणसांनी लावलेलं जंगल. तिथे १९७८ पासून सुसरींचं, म्हणजे घडियालांचं, संवर्धन केंद्र आहे. नद्यांकाठची अंडी आणायची, उबवायची, पिल्लं वाढवायची आणि पुन्हा नदीत सोडायची. कुंपण, कायदा, पगारी माणसं हे सारं एल्रॉन्डच्या सभेकडचं. बॉम्बाडिलच्या गाण्याने सुसर वाचत नाही. पण या साऱ्या खटाटोपाला दिशा त्याचीच आहे. चंबळेत सोडलेलं पिल्लू केंद्राचं राहत नाही. वाळू, पूर आणि कोळ्यांची जाळी यांना त्यानेच तोंड द्यायचं. सरकारी ताकद नसती तर ते नदीपर्यंत पोचलंच नसतं, आणि सोडून देण्याची तयारी नसती तर ती ताकद प्राणिसंग्रहालय उभारून थांबली असती.