कोशिएनची माती

वाचकहो, पोर मातीत लोळून घरी आले की आपल्याकडे आई आधी दोन शब्द सुनावते आणि मग चुलीवर पाणी ठेवते. डाग घासून घासून बोटे तिचीच दुखतात, तेव्हा तिने बोलायचे नाही तर कोणी? पण या जगात एक मैदान असे आहे, की तिथली माती पोरगा रडत रडत पिशवीत भरतो, शेकडो मैल सांभाळून घरी आणतो, आणि आई ती बरणीत घालून जपून ठेवते. ते मैदान पाहायला आज आपण जपानात जाऊ या.

ओसाका शहरातून हानशिन रेल्वेची जलद गाडी धरली, की पंधरा-वीस मिनिटांत कोशिएन स्टेशन येते. बाहेर पडताच समोर वेलींनी मढलेली उंच भिंत दिसते. तेच मैदान. गाव निशिनोमिया, प्रांत ह्योगो. उत्तरेला रोक्कोचे डोंगर आणि दक्षिणेला समुद्र. १ ऑगस्ट १९२४ रोजी हे मैदान खुले झाले. त्याच्या नावाची एक गंमत आहे. आपल्या पंचांगात प्रभवापासून साठ संवत्सरांचे चक्र चालते, तसेच साठ वर्षांचे चक्र चीन-जपानकडेही आहे. १९२४ हे त्या चक्रातले पहिले वर्ष होते. त्या वर्षाच्या दोन अक्षरांचा उच्चार ‘कोशि’, आणि ‘एन’ म्हणजे बाग.

इथे दर ऑगस्टमध्ये हायस्कूलच्या मुलांची बेसबॉलची स्पर्धा भरते. बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊ. नऊ-नऊ गडी, हातात गोल दांडा, आणि चेंडू टप्पा न पाडता थेट फेकायचा. फटका मारून तीन ठाणी ओलांडायची आणि जिथून निघालो तिथे परत यायचे, की एक गुण. त्या शेवटच्या ठाण्याचे नावच ‘घर’ आहे!

स्पर्धा १९१५ साली दहा शाळांवर सुरू झाली. १९१८ साली तांदळाचे भाव कडाडले, गावोगाव दंगे उसळले आणि स्पर्धा रद्द करावी लागली. पुढे महायुद्धाने ती थांबवली आणि २०२० साली करोनाने. एरवी खंड नाही. आता देशभरातून सुमारे ३,४०० संघ आपापल्या प्रांतात खेळतात. त्यांतून ४९ संघ कोशिएनला येतात. एकदा हरले की संपले, दुसरी संधी नाही. म्हणजे हिशेब करून पाहा: शेवटी एकच संघ न हरता घरी जातो. बाकी सगळी पोरे, कधी ना कधी, हरूनच घरी येतात. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलाचा तर हायस्कूलचा खेळच त्या हारीबरोबर संपतो.

आता मातीकडे वळू, कारण आपल्याला तिचे मोल ठाऊक आहे. या मैदानाची निगा राखणाऱ्या कंपनीचे नाव ‘हानशिन एनगेइ’. ‘एनगेइ’ म्हणजे बागकाम. जपानच्या निरनिराळ्या भागांतली काळी माती आणून तिच्यात वाळू मिसळतात. वसंतात पाऊस फार, म्हणून निचऱ्यासाठी वाळू जास्त घालतात. उन्हाळ्यात पांढरा चेंडू नजरेत भरावा म्हणून काळी माती जास्त घालतात. हिवाळ्यात मैदान मोकळे असते, तेव्हा माणसे ते जवळजवळ फूटभर खोल नांगरतात. खालची माती वर आणि वरची खाली करतात. मग पावसाची वाट पाहतात, आणि माती बसली की रूळ फिरवतात. वाचकहो, ही मशागत नाही तर दुसरे काय?

भिंतीवरच्या वेलीचीही कथा ऐकण्यासारखी आहे. ती १९२४ सालीच लावलेली. २००० साली तिची रोपे देशभरच्या हायस्कुलांना वाटली. पुढे २००६ साली डागडुजीसाठी भिंतीवरची वेल उतरवावी लागली. मग शाळांच्या अंगणांत वाढलेल्या लेकी-वेलींची रोपे परत आणून इथे लावली. त्याला जपानी लोकांनी नाव दिले ‘सातोगाएरि’. या शब्दाचा एक अर्थ आहे सासुरवाशिणीने माहेरी येणे.

आत जाऊन बसू या. दोन्ही बाजूंच्या चढत्या पायऱ्यांना ‘आल्प्स’ म्हणतात. पांढऱ्या कपड्यांतले प्रेक्षक दुरून बर्फाच्या डोंगरासारखे दिसले, म्हणून १९२९ सालापासून हे नाव पडले. इथे शाळेचा बँड असतो, गावकरी असतात, आणि एकसारख्या टोप्या घातलेले आई-बाप असतात. ऑगस्टचे ऊन मी म्हणत असते. पिशवीतला बर्फाचा चुरा विकणारी पोरे पायऱ्या चढत-उतरत असतात. तो बर्फ आधी मानेवर धरायचा, मग वितळला की प्यायचा. भोंगा वाजतो आणि सामना सुरू होतो. तिथून पुढे आईच्या हातात काही नसते. तिने जे करायचे ते आधीच केलेले असते.

काय केलेले असते? पहाटे उठून डबा भरलेला असतो, आणि डबा म्हणजे चार घास नव्हेत. अंग भरावे म्हणून कित्येक शाळांत मुलांना मोठ्या डब्यातला भात संपवायला लावतात. पांढऱ्या पोशाखावरची ओली माती रोज रात्री ब्रशने घासलेली असते. सुट्टीच्या दिवशी बाप मोटारीतून दोन-चार मुलांना परगावच्या सामन्याला सोडून येतो. आया मिळून कागदाचे हजार बगळे घडी घालून दोऱ्यात ओवतात. प्रांताच्या स्पर्धेत हरलेला संघ आपली ती माळ जिंकलेल्या संघाच्या हाती देतो: आमचीही इच्छा तुमच्याबरोबर घेऊन जा! संघ कोशिएनला निघाला की बस, मुक्काम आणि बँड यांचा खर्च उभा राहतो. मग माजी विद्यार्थी आणि गावकरी वर्गणी काढतात. आपल्याकडे जत्रेच्या कुस्त्यांना काढतात तशीच.

आता एका शेती शाळेची हकिगत सांगतो. जपानच्या उत्तरेला आकिता हा भाताचा आणि बर्फाचा प्रांत. तिथे कानाआशी नावाचे शेतकी हायस्कूल आहे. हिवाळ्यात मैदान बर्फाखाली जाते, तेव्हा तिथली मुले रबरी बूट घालून बर्फातच धावतात. मोठ्या खासगी शाळा दुसऱ्या प्रांतांतली निवडक मुले आणून वसतिगृहात ठेवतात. कानाआशीची मुले मात्र सगळी आकितातलीच. २०१८ साली, शंभराव्या स्पर्धेला, हा संघ कोशिएनला आला आणि एकेक नामांकित शाळा हरवत निघाला. उपान्त्यपूर्व फेरीत ओमि शाळेविरुद्ध शेवटच्या डावात ते एका गुणाने मागे होते. तिन्ही ठाण्यांवर त्यांचे गडी उभे होते. फलंदाजाने मोठा फटका न मारता चेंडू फक्त हलकेच जमिनीवर टेकवला. पहिला गडी घरी पोचला आणि त्याच्या मागोमाग दुसऱ्यानेही उडी घेतली! ३-२ असा सामना जिंकला. आकितात तेव्हा भात निसवण्याचे दिवस होते. तिथली शाळा अंतिम सामन्याला पोचली ती १९१५ नंतर पहिल्यांदाच, म्हणजे १०३ वर्षांनी.

अंतिम सामन्यात ओसाका तोइन या बलाढ्य शाळेने त्यांना १३-२ असे हरवले. चेंडू टाकणारा कोसेई योशिदा हा मुलगा आधीचे पाचही सामने एकटा टाकत आला होता. त्या स्पर्धेत त्याने ८८१ चेंडू टाकले. अंतिम सामन्यात मात्र त्याचे अंग साथ देईना. साऱ्या देशाने त्याचे कौतुक केले आणि पुढे तो व्यावसायिक खेळाडू झाला. त्याचे वडीलही त्याच शाळेतून बेसबॉल खेळलेले. २०२४ साली त्याचा धाकटा भाऊ ताइकि हा त्याच शाळेचा चेंडू टाकणारा म्हणून कोशिएनला आला आणि पहिल्याच सामन्यात हरला. एकाच घराने दोन उन्हाळे पाहिले: एक साऱ्या देशाने डोक्यावर घेतलेला, दुसरा एका दिवसात संपलेला. दोन्ही पोरे आईला सारखीच.

पण ८८१ या आकड्याला टाळी द्यावी की काळजी करावी? जपानी लोकांनाही हा प्रश्न पडला. सतरा-अठरा वर्षांच्या पोराचा खांदा म्हणजे अजून कोवळे हाड. कोवळ्या गोऱ्ह्याला कोणी भर उन्हात दिवसभर नांगराला जुंपतो का? म्हणून २०२० पासून नियम झाला: एका मुलाने आठवड्यात पाचशेहून जास्त चेंडू टाकायचे नाहीत. २०२३ पासून पाचव्या डावानंतर दहा मिनिटे थंडाव्यात बसवतात. २०२४ पासून काही दिवस दुपारचे ऊन टाळून सामने सकाळी आणि संध्याकाळी ठेवू लागले. घरच्या बाजूलाही बदल होतो आहे. आयांनी पाळीपाळीने मैदानावर जाऊन मुलांना आणि शिक्षकांना चहापाणी द्यायचे, अशी रीत होती. नोकरी करणाऱ्या किंवा घरी म्हातारे माणूस असलेल्या बाईला ही पाळी जड जायची. पण बोलली तर पोराला खेळवणार नाहीत ही भीती! आता बऱ्याच संघांनी ती पाळी बंद केली आहे. मुलांच्या चकोट डोक्याचा दंडकही सैल झाला आहे. पाठिंबा देणे म्हणजे मान खाली घालून सगळे सोसणे नव्हे, हे तिथल्या आई-बापांना हळूहळू उमगते आहे.

आणि आता त्या मातीची शेवटची गोष्ट. हरलेली मुले मैदानावर गुडघे टेकतात आणि ओंजळीने माती बुटांच्या पिशवीत भरतात. १९५८ साली ओकिनावा बेटावरच्या शुरि हायस्कूलची मुले पहिल्यांदा इथे आली. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते. मुले पहिला सामना हरली आणि माती घेऊन बोटीने परत निघाली. बंदरावर पोचली तर कायदा आडवा आला: परकी माती, तिच्यातून पिकांचे रोग येतील. माती समुद्रात टाकून दिली. शेतकऱ्याला तो कायदा समजतो, पण त्या पोरांची तोंडे कशी झाली असतील तेही समजते. ही बातमी वाचून एका विमानसेविकेने कोशिएनचे खडे गोळा करून डबीत घालून त्यांना पाठवले. खड्यांना कायद्याची आडकाठी नव्हती. ते आजही त्या शाळेतल्या स्मारकात बसवलेले आहेत. १९७२ साली ओकिनावा जपानला परत मिळाले. २०१० साली तिथल्या एका शाळेने उन्हाळी स्पर्धा जिंकली, आणि २०२५ साली दुसऱ्या एका शाळेने.

२०२० साली स्पर्धाच झाली नाही. तेव्हा शेवटच्या वर्षाच्या मुलांना कोशिएनची चिमूटभर माती किल्लीच्या साखळीत घालून दिली. ज्यांना खेळायलाच मिळाले नाही, त्यांनाही माती मिळाली.

वाचकहो, आपल्या पोराचा खेळ कबड्डीचा असेल, खो-खोचा असेल, कुस्तीचा असेल. तालुक्याच्या स्पर्धेला ते उद्या जाईल आणि बहुतेक वेळा हरूनच येईल. दारात पाऊल टाकताच ‘कितवा नंबर आला?’ असे विचारू नका. खांदा, गुडघा दुखतो का ते विचारा. पाणी आधीच तापवून ठेवा आणि ताट वाढा. मातीचे कपडे काय, सकाळी धुता येतील.