सोक्लो

परवा नातीचा फोन आला. आठवीत आहे. म्हणाली, "आबा, सोडियमला 'एनए' का लिहायचं? 'एसओ' का नाही?" मी क्षणभर गप्पच झालो.

मी मराठीचा मास्तर, बी.ए. झालेला. पण १९८३ च्या सुमारास विज्ञानाचे सर बदलून गेले आणि आठवीचे विज्ञान वर्षभर माझ्या गळ्यात पडले. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून. मुलांना रोमन अक्षरांचीच भीती. चाचणीत एका मुलीने मिठाचे सूत्र लिहिले, 'सोक्लो'. सोडियमचा सो, क्लोरिनचा क्लो! मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. पोरे हसली, मीही हसलो आणि शून्य दिला. त्यानंतर त्या मुलीने माझ्या तासाला कधी हात वर केला नाही.

निवृत्तीनंतर एकदा कन्नडचा घाट उतरून पाटणला गेलो. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला होता. तसा शिलालेखच आहे. घरी आल्यावर भास्कराचार्यांचे 'बीजगणित' समजून घ्यायला बसलो.

आपण क्ष म्हणतो त्याला तिथे 'या' आहे. यावत्तावत्, म्हणजे जितके तितके, यातले पहिले अक्षर. दुसरी अज्ञात राशी काळक, तिचा 'का'. तिसरी नीलक, तिचा 'नी'. सुटी संख्या म्हणजे रूप, तिचा 'रू'. 'या ३ रू ५' म्हणजे तीन क्ष अधिक पाच. वर्गाला 'व', आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. झाले!

वाचता वाचता 'सोक्लो' आठवले आणि पोटात गलबलले.

बर्झेलियसनेही वेगळे काय केले? लॅटिन नावांची पहिली अक्षरे घेतली. नेट्रियमचा 'एनए', फेरमचा 'एफई'. पोरीची युक्ती तीच होती. फक्त चिन्ह सोपे असून भागत नाही, ते सगळ्यांनी मिळून मानलेले असावे लागते. एवढे दोन वाक्यांत सांगता आले असते मला. हसायची काय गरज होती?

नातीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे अर्धा मार्क तरी द्यायचा होता, आबा."

खरे आहे. ती मुलगी आज पंचावन्नच्या आसपास असेल. कुठे आहे, ठाऊक नाही. बाई, तो शून्य मी खोडला आहे.