साइटवर टाकलं म्हणजे कळवलं?

विकास आराखड्याची नोटीस गूगलवर शोधत होतो. आमच्या गल्लीतून नवा रस्ता जाणार, अशी कुणकुण होती. अर्धा तास शोधूनही काही हाती लागेना. शेवटी नगरपालिकेच्या साइटवर एकेक फाइल उघडत गेलो, तेव्हा सापडली. कागदाचा तिरका, पुसट फोटो; फाइलचं नाव 'स्कॅन १२'. जुन्या नोटिसा तर युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. आपल्याला मराठी दिसतं, गूगलला मात्र इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. शोधणाऱ्याला सापडणार काय, कपाळ?

हरकतींची ३० दिवसांची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. 'साइटवर टाकलं होतं की साहेब,' कारकून म्हणाला.

युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर आणि गावाच्या नावासकट नीट मथळा, एवढंच हवं होतं. खर्च शून्य. मित्रांनो, आपल्या गावची नोटीस आजच शोधून बघा. सापडली नाही, तर लेखी विचारा.