अब्बांचा डग्गा

अब्बांनी तीस वर्षं पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात प्रेस मशीनवर काढली. त्या काळात कानात कापसाचे बोळे घालणाऱ्याला लोक हसायचे. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी कानांचा आलेख काढून दाखवला. डावीकडे, म्हणजे खर्जाच्या बाजूला, रेघ बरी होती. चार हजार हर्ट्झच्या आसपास मात्र ती विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. मशीनच्या गोंगाटाने जाणारे कान बहुतेक तिथूनच जायला लागतात. अब्बांना आमचं बोलणं येतं, पण त्यातले स, श, फ येत नाहीत. व्हायोलिन गेलं, सारंगी अर्धी गेली. उरला तबला, त्यातही डग्गा.

डिसेंबर 2024 मध्ये झाकीर हुसेन गेले. त्या रात्री खडकी बाजारातल्या आमच्या बारा बाय दहाच्या खोलीत मी त्यांचं वादन लावलं. अब्बा थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "बेटा, सिर्फ टिक टिक आ रहा है." आमचे स्पीकर पुस्तकाएवढे. त्यांच्यातून डग्गा येणार कुठून? म्हटलं, आपण अब्बांना डग्गा ऐकवायचाच.

रविवारी तपकीर गल्लीतून दहा इंची वूफर आणला. अठरा एमएम प्लायची पेटी सुताराकडून करून घेतली, आत सुमारे चाळीस लिटर जागा. पुढे भोक पाडून पीव्हीसीचा पाइप बसवला. लहान पडदा खोल स्वरासाठी फार धावतो. स्वर निम्म्यावर आणला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटला, तर पडद्याला चौपट लांब हलावं लागतं. म्हणून वूफर मोठा लागतो, आणि पेटीही. इतकं मला ठाऊक होतं. खोलीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी खर्ज आलाच नाही. तास गेल्यावर कळलं की तारा उलट्या जोडल्यात. स्पीकर पुढे ढकलत होते तेव्हा वूफर मागे ओढत होता, दोघे एकमेकांना खात होते. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टोकांना क्षणभर लावून पाहा. प्लसला प्लस असेल तर पडदा बाहेर येतो. ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांनी आधी हेच करावं.

मग पेटी कोपऱ्यात ठेवली, कारण कोपऱ्यात खर्ज वाढतो असं सगळेच सांगतात. वाढला, यात शंका नाही. अब्बा खाटेवरून ओरडले, "ये तबला नहीं, गोडाउन का शटर है!" मी खोलीच्या मधोमध सतरंजीवर बसलो होतो, मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. मी नॉब वाढवला. ते म्हणाले कमी कर. असं चार दिवस चाललं. मला वाटलं कानाचा दोष, त्यांना वाटलं पोराला अक्कल नाही. पाचव्या दिवशी पलीकडच्या मावशींनी भिंतीवर लाटणं आपटलं. त्यांच्या फडताळातली ताटं वाजत होती.

खरं तर आम्ही तिघंही बरोबर होतो. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. बारा फुटांच्या खोलीत 47 हर्ट्झच्या लाटेची बरोबर अर्धी लांबी मावते. ती लाट दोन भिंतींच्या मध्ये अडकून उभी राहते, भिंतींपाशी फुगते, मध्यावर नाहीशी होते. अब्बांची खाट भिंतीला लागून, मी मध्यावर. एकाच खोलीत बापलेक दोन वेगवेगळी गाणी ऐकत होतो! आणि खर्जाला वीटकामाची फारशी पर्वा नसते. स्वर जितका खालचा, तितकी भिंत त्याच्यापुढे पातळ. अम्मीने भिंतीला टांगलेल्या गोधड्यांनी फक्त टाळीचा घुमारा गेला. 47 हर्ट्झची लाट सात मीटरहून लांब, तिला गोधडी काय अडवणार?

आमच्याकडे मिरवणुकीत, गणपतीत आणि आता ईद-ए-मिलादच्या जुलूसातही, बॉक्सची भिंत उभी करतात. तिथे एकच ढुम असतो, कुठलंही गाणं लावा. छाती हादरते म्हणून पोरांना तो बेस वाटतो. मला कोपऱ्यातल्या माझ्या पेटीतून तेच ऐकू येत होतं. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, पण ती ज्या पद्धतीने मोजतात तिच्यात 50 हर्ट्झचा आवाज तब्बल 30 डेसिबलने कमी धरला जातो. मावशींच्या ताटांना हे कोण सांगणार?

उपाय हास्यास्पद आहे. पेटी उचलून अब्बांच्या खाटेवर ठेवली, उशीच्या जागी. एकच गाणं पुन्हा पुन्हा लावून मी भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरलो, कान जमिनीपासून हातभर. जिथे प्रत्येक स्वर सारख्या वजनाचा ऐकू आला, तिथे खडूची खूण केली. अम्मी दारात उभी राहून "या अल्ला" म्हणत होती. खूण निघाली लांब भिंतीच्या जवळपास मध्यावर, खिडकीखाली. म्हणजे ती अडकलेली लाट जिथून ढकलताच येत नाही, तीच जागा. मग पाइपमध्ये अम्मीचा जुना ओढणीचा बोळा कोंबून पेटी बंद केली. 80 हर्ट्झच्या वरचं काम छोट्या स्पीकरांवर सोडलं आणि नॉब निम्म्याच्याही खाली आणला.

आवाज आधीपेक्षा कितीतरी कमी झाला. मी तोच तुकडा लावला. अब्बा खाटेवर बसले, तळवा मांडीवर. डग्ग्यावर मनगट सरकलं की स्वर वर चढतो, तो चढताना त्यांचा तळवाही मांडीवर सरकत होता. टिक टिक ते ऐकत होते की नाही, मी विचारलं नाही. दहा मिनिटांनी म्हणाले, "अब हाथ दिख रहा है."

मावशींना मुद्दाम विचारून आलो. त्यांना वाटत होतं मी पेटी विकली.

आता एकच वाद आहे. पेटी खिडकीखाली बरोबर कमरेइतकी उंच आहे, उजेडही चांगला. अम्मीला तिच्यावर शिवणाचं मशीन ठेवायचंय.